एकशेवीसचा हिशेब: वडिलांच्या वहीपुढे बसलेल्या मुलाचं प्रकरण

प्रकरण कोणाचं

हे प्रकरण एका मुलाचं आहे. तेव्हा त्याचं वय ४४ होतं, तरी मी त्याला मुलगाच म्हणणार आहे, कारण जे घडलं ते त्याच नात्यात घडलं. तो आपल्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायाचा, खजिनदार. त्याचे वडीलही याच मंडळीचे खजिनदार होते, सलग २२ वर्षं. ते वारून सहा वर्षं झाली होती.

मी निवृत्त पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, आहे. उपदेश करणं थांबलं, पण बोलायला माणसं अजून येतात. मुलाने आणि त्याच्या आईने हे लिखाण वाचून होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा मुद्दाम दिलेल्या नाहीत. वडिलांनी मंडळीच्या गरीब फंडातून उचललेली रक्कम १०० धरली आहे, बाकीचे आकडे त्याच प्रमाणात वाचावेत.

पार्श्वभूमी

घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना व्हायची. वडील शास्त्रपाठ वाचायचे, मग एक प्रश्न विचारायचे आणि उत्तर आल्याशिवाय कुणी उठायचं नाही. ही रीत जुनी आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्नोत्तरांतून धर्मशिक्षण देणारी पुस्तिका, लिहिली, तेव्हा तिच्या भागांवर लिहून ठेवलं की कुटुंबप्रमुखाने हे घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावं. या वडिलांना तो इतिहास माहीत असण्याचं कारण नव्हतं. घरचं धर्मशिक्षण बापाने करायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते करायचे.

मुलाच्या आठवणीत मात्र प्रश्नोत्तरांपेक्षा दुसरीच गोष्ट ठसली होती. रविवारचं अर्पण मोजायला वडील घरी आणत. (एकट्याने, घरी. आज कुठल्याही मंडळीने हे चालू देऊ नये, पण तेव्हा चालत होतं.) मोजण्याआधी ते हात धुवायचे, मुलालाही धुवायला लावायचे. नाण्यांचे ढीग लावणं मुलाकडे. एकदा त्याने विचारलं, देव बघतो म्हणून का? वडील म्हणाले, "देव बघतो ते आहेच. पण हे पैसे दुसऱ्याचे आहेत, म्हणून."

तेराव्या वर्षी मुलाने ढिगातलं एक नाणं खिशात टाकलं. रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी गुपचूप परत ठेवायला गेला आणि वडिलांनी बघितलं. मारलं नाही. त्याला घेऊन पाळकांकडे गेले. दारात म्हणाले, "तोंडाने सांग. नुसतं परत ठेवून भागत नाही." मुलाने सांगितलं. पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. येताना वडिलांनी त्याचा हात धरला होता, घरापर्यंत सोडला नाही.

आपला विश्वास कुठून सुरू झाला असं विचारलं की मुलगा हीच गोष्ट सांगायचा. तरुणांच्या शिबिरात त्याने ती अनेकदा साक्ष म्हणून सांगितली होती. देवाची क्षमा कशी असते, तर घरापर्यंत न सुटलेल्या हातासारखी.

वहीत काय सापडलं

मंडळीच्या वर्धापन वर्षात जुन्या कीर्दी आणि खतावण्यांची छायाचित्रं काढून ठेवायचं ठरलं. खजिनदार म्हणून काम मुलाकडे आलं. गरीब फंडाच्या वहीत, तो स्वतः ११ वर्षांचा होता त्या वर्षी, एक नोंद होती: "एका गरजू कुटुंबास वैद्यकीय मदत." रक्कम १००. पावती नाही, ठराव नाही. नियमाप्रमाणे पाळक आणि आणखी एक सभासद अशा दोघांच्या सह्या हव्यात. पण ते महिने जुने पाळक बदलून गेलेले, नवे आलेले नव्हते, आणि फंड एकट्या खजिनदाराच्या हातात होता.

तारीख त्याच्या आईच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाची होती.

चार महिन्यांनंतरच्या पानापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक जमा सुरू होते: "अनामिक, रुपये..." प्रत्येक वेळी तीच रक्कम, आपल्या प्रमाणात २. अशा ६० नोंदी. ५९ वडिलांच्या अक्षरात, एक तेवढी दुसऱ्याच कुणाच्या. शेवटच्या नोंदीनंतर अनामिक दाता वहीतून कायमचा गेला.

मुलाने बेरीज केली. १२०.

त्या रात्री त्याने वही घरी नेली. पान कापायला ब्लेड काढलं होतं, हे त्याने मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. का कापलं नाही, विचारलं तर म्हणाला, "हात धुतले नव्हते." हसून म्हणाला, पण हसणं टिकलं नाही.

पेच

वरवर बघता प्रकरण मिटलेलं होतं. पैसे परत आले होते, वर भर घालून आले होते, माणूस हयात नव्हता. तरी तीन गोष्टी मिटू देत नव्हत्या.

एक, मंडळीच्या कार्यकारिणीने वर्धापनाच्या निमित्ताने गरीब फंडाला वडिलांचं नाव द्यायचं आणि भिंतीवर पाटी लावायची ठरवलं होतं. पाटीवर "विश्वासू कारभारी" असे शब्द येणार होते. सात आठवडे उरले होते. म्हणजे गप्प राहणं हे आता नुसतं गप्प राहणं नव्हतं, त्याखाली सही करण्यासारखं होतं.

दोन, मुलगा दोन खुर्च्यांवर बसला होता. खजिनदार म्हणून त्याला एक गैरव्यवहार सापडला होता आणि मुलगा म्हणून त्याला तो झाकायचा होता.

तीन, आणि त्याला माझ्याकडे आणणारं कारण हे: त्याला प्रार्थना करता येईना. नाण्याची गोष्ट घडली ती बरोबर त्या ६० महिन्यांच्या मधली. वडील स्वतः गुपचूप परत ठेवत होते आणि पोराला दारात उभं करून सांगत होते, नुसतं परत ठेवून भागत नाही. "म्हणजे मला जे सांगितलं ते खोटं होतं," तो म्हणाला. "आणि माझा सगळा विश्वास त्याच्यावरच उभा आहे."

देवाची प्रतिमा माणसाच्या मनात बापाच्या प्रतिमेतून घडते, हे मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१३ मध्ये देवाधर्माला मोडीत काढायला मांडलं होतं. पाळकी करताना मला त्यातलं अर्धं रोज दिसलं आहे. चांगला बाप लाभलेल्याला "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणणं सोपं जातं, मारकुट्या बापाच्या लेकराला तोच शब्द घशात अडकतो. समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंग्टसन यांनी १९७० च्या सुमारास कॅलिफोर्नियात अनेक पिढ्यांच्या कुटुंबांचा अभ्यास सुरू केला आणि तो काही दशकं चालला. त्यातही आढळलं की विश्वास मुलांत उतरतो की नाही याचा वडिलांशी असलेल्या जवळिकीशी मोठा संबंध असतो. वडील कडक धार्मिक पण दूरचे असतील, तर तो तितका उतरत नाही. या घरात जवळीक होती. म्हणून विश्वास खोल गेला होता, आणि तडा गेला तोही तितकाच खोल.

समोरचे पर्याय

पहिल्या दोन भेटींत आम्ही पर्याय मांडले. मी ते कागदावर लिहून घेतो, कारण डोक्यात ठेवले की माणूस त्याच त्या दोन टोकांत फिरत राहतो.

गप्प राहायचं. पैसे आलेत, कुणाचं नुकसान नाही, मेलेल्याला त्रास नको. त्याच्या धाकट्या बहिणीचं हेच मत होतं आणि तिचा मुद्दा हलका नव्हता: "दादा, पप्पांना आता उत्तर देता येत नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला प्रश्न विचारू नये."

पाटी तेवढी टाळायची. कुटुंबाला प्रसिद्धी नको असं सांगून मोकळं व्हायचं. मला हा पर्याय सुरुवातीला बरा वाटला होता. मुलाने तो मोडीत काढला: पाटी नाकारली की वडील आणखी मोठे होतील, इतका नम्र माणूस म्हणून.

खजिनदारपद सोडायचं, कारण न देता. यात वही पुढच्या माणसाच्या गळ्यात पडते.

फक्त सध्याच्या पाळकांना सांगायचं, पापांगीकारासारखं, गुप्ततेत. इथे अडचण अशी की गुप्ततेत ऐकलेलं पाळक कार्यकारिणीपुढे नेऊ शकत नाहीत आणि पाटी लागतेच.

कार्यकारिणीच्या बंद बैठकीत वही ठेवायची.

रविवारच्या उपासनेत सगळ्या मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. मुलाचा ओढा आधी इकडेच होता. मी विचारलं, यात वडिलांचं पाप सांगणं किती आणि तुझा राग सांगणं किती? तो बराच वेळ बोलला नाही.

याच टप्प्यावर बायबलमधल्या शास्त्रवचनांचा आधार शोधणं सुरू झालं आणि वचनं दोन्ही बाजूंना निघाली. यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायात स्पष्ट आहे की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. पण नहेम्या आपल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात प्रार्थना करतो ती अशी, की मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलं आहे. त्याने कुणाचं पाप अंगावर घेतलं नाही. घराण्याच्या वतीने ते तोंडाने मात्र म्हटलं. दोष वाहणं आणि कबुली देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला या दोन उताऱ्यांत दिसलं.

मग १२० चा आकडा. तो बघताक्षणी मला गणनेच्या पुस्तकातला ५ वा अध्याय आठवला होता. दुसऱ्याचं घेतलं असेल तर पूर्ण भरपाई करावी आणि वर पाचवा हिस्सा घालावा. १०० चा पाचवा हिस्सा २०. मी ते मुलाला लगेच सांगितलं. त्याचा चेहरा उजळला आणि पुढचे चार दिवस तो त्या वीसला धरून बसला. पप्पांनी शास्त्राप्रमाणे फेडलं, विषय संपला. चौथ्या दिवशी त्यानेच ते वचन पूर्ण वाचलं आणि मला फोन केला. भरपाईच्या आधी तिथे आणखी एक गोष्ट सांगितली आहे: त्याने केलेलं पाप कबूल करावं. आधी तोंडाने, मग पैशाने. "पप्पांनी दुसरं केलं, पहिलं नाही केलं," तो म्हणाला. "आणि पहिलं काय असतं ते मला त्यांनीच शिकवलं."

या प्रकरणातलं वळण मला इथे दिसतं. तोवर त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या, बाप खरा किंवा बाप ढोंगी. पण ज्याला स्वतःला दारात उभं राहता आलं नाही आणि म्हणून ज्याने पोराला आपल्यासारखं होऊ दिलं नाही, असाही एक बाप असू शकतो, हा विचार त्याला पहिल्यांदा शिवला. तो खरा होता की नाही हे कुणी सांगू शकणार नाही. मी त्याला तसं सांगितलं. या वाचनाने वडिलांचं ढोंग पुसलं जात नाही, हेही सांगितलं.

आईला विचारावं का

आई ७४ वर्षांची. तिच्यासाठी शस्त्रक्रियेचे पैसे उचलले गेले होते. मुलाने गृहीत धरलं होतं की तिला काहीच माहीत नाही, आणि मीही तसंच धरलं. दोन आठवडे आम्ही दोघं तिला धक्क्यापासून कसं जपायचं यावरच बोलत होतो.

शेवटी तो वही न घेता गेला आणि एवढंच म्हणाला, "आई, तुझं ऑपरेशन झालं त्या वर्षाबद्दल विचारायचं आहे."

ती म्हणाली, "फंडाचं ना?"

सगळं तिला ठाऊक होतं. दर महिन्याचे ते दोन तीच घरखर्चातून काढून ठेवायची. पाचव्या हिश्शाचं वचनही ह्यांनी आपल्याला काढून दाखवलं होतं, म्हणाली. मग मुलाने विचारलं, की फंड तर अशाच कुटुंबांसाठी होता. अर्ज केला असता तर मंडळीने नाही म्हटलं असतं का?

"नसतं म्हटलं. पण ह्यांना मागायची लाज वाटली. देणाऱ्यांच्या यादीत नाव होतं, घेणाऱ्यांच्या यादीत कसं लिहायचं?"

इतका साधा, इतका दुःखद हिशेब. जे मागून हक्काने मिळालं असतं ते त्यांनी उचललं, आणि मग पाच वर्षं फेडत राहिले.

कार्यकारिणीला सांगावं का, या प्रश्नावर आई पटकन बोलली नाही. दोन दिवसांनी तिने निरोप दिला: "सांग. पण लाजेचं पण सांग. नुसते पैसे नको सांगू."

काय केलं

मुलाने आधी पाळकांना सांगितलं, गुप्ततेत नव्हे, उघड. मग वही हिशेब तपासनिसाच्या ताब्यात दिली. बहिणीला बैठकीआधी कळवलं. ती नाराज राहिली, पण अडवलं नाही.

बंद बैठकीत नऊ सभासद होते. मुलाने उभं राहून दोन्ही नोंदी वाचल्या, आईचं म्हणणं सांगितलं, नियम कुठे मोडला ते सांगितलं आणि पाटीचा ठराव मागे घ्यावा अशी विनंती केली. मग तो बाहेर गेला, कारण पुढच्या चर्चेत त्याने बसणं योग्य नव्हतं. दहा मिनिटांचं काम होतं. त्याला वाटलं होतं, सगळ्यांत कठीण भाग झाला.

पुढचं पान

कठीण भाग आम्हाला माहीतच नव्हता.

सभासदांपैकी एक गृहस्थ, वय ४९, वही पुढे ओढून पानं उलटू लागले. उचल झाल्यानंतरच्या तिसऱ्या पानावर त्यांच्या विधवा आईचा अर्ज होता, मुलाच्या तांत्रिक शिक्षणाच्या शुल्कासाठी. तो मुलगा म्हणजे हेच. शेरा वडिलांच्या अक्षरात: "शिल्लक अपुरी. पुढील तिमाहीत विचार." पुढच्या तिमाहीपर्यंत प्रवेशाची मुदत गेली होती. सोळाव्या वर्षी ते कामाला लागले, पुन्हा शिकले नाहीत.

शिल्लक खरोखर अपुरी होती, आणि ती कशाने अपुरी झाली ते आता सगळ्यांना दिसत होतं.

मी त्या बैठकीत नव्हतो. पाळकांनी सांगितलं की ते गृहस्थ ओरडले नाहीत. वही बंद केली आणि म्हणाले, "फंडाला एकशेवीस मिळाले. मला काय मिळालं?"

मुलाला कळलं तेव्हा तो कोसळला, आधीच्या सगळ्यापेक्षा जास्त. वडिलांच्या नोंदी त्याने शंभरदा वाचल्या होत्या, मधली पानं वाचलीच नव्हती. मीही वाचायला सांगितली नव्हती. आम्ही दोघं एका बापाची आणि मुलाची गोष्ट वाचत होतो, आणि त्या गोष्टीत तिसरा माणूस असू शकतो हे सुचलंच नाही.

आठवड्याभराने तो त्या गृहस्थांच्या घरी गेला. काय बोलायचं ते आम्ही ठरवलं नाही. ठरवलेलं बोलणं अशा वेळी ऐकवत नाही. गृहस्थांनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं ऐकून मी काय करू? तू तेव्हा अकरा वर्षांचा होतास." मुलगा म्हणाला, "मला काही मागायचं नाही. तोंडाने सांगायला आलो." तेवढ्यावर तो परतला.

लूकच्या १९ व्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करीन म्हणतो. तो उतारा मी आयुष्यभर शिकवला. चौपट दिलं तरी ज्याची ती वर्षं गेली त्याची वर्षं कुठून आणायची, हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. आता विचारला, तर माझ्याकडे उत्तर नाही.

काय झालं

पाटीचा ठराव रद्द झाला. तिच्यासाठी जमलेले पैसे दात्यांच्या संमतीने फंडात गेले. मंडळीला जाहीर काय सांगायचं यावर दोन बैठका झाल्या. शेवटी उपासनेनंतर एक छोटं निवेदन वाचलं गेलं: जुन्या हिशेबात नियमभंग आढळला, रक्कम परत आलेली आहे, वही पाहायची असेल त्याने तपासनिसांकडे पाहावी. नाव घेतलं नाही, लपवलंही नाही. अकरा जणांनी वही पाहिली. काहींनी मुलाशी बोलणं कमी केलं. त्यातल्या दोघांचं म्हणणं होतं की बापाची अब्रू पोराने घालवली.

नियम बदलले. अर्पण आता चर्चमध्येच, दोघांनी मिळून मोजायचं. नवीन काही नाही, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात हेच आहे. वर्गणी पोचवताना तो एकटा जात नाही, सोबत माणसं घेतो, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. दुसरा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. कार्यकारिणीच्या सभासदालाही फंडाकडे अर्ज करता येईल, तेव्हा त्याने निर्णयात बसू नये, आणि अर्जदारांची नावं फक्त तिघांना कळावीत.

चार महिन्यांनी मोजणीचा दुसरा माणूस कोण, असा प्रश्न आला तेव्हा त्या ४९ वर्षांच्या गृहस्थांनी स्वतःहून नाव दिलं. क्षमा केली म्हणून की पाळत ठेवायला, कुणी विचारलं नाही. आता दर रविवारी ते मोजतात आणि मुलगा लिहितो. बोलणं आकड्यांपुरतं होतं.

मुलाच्या विश्वासाचं काय? प्रार्थना परत आली, पण आधीची नाही. येशूने मत्तयच्या २३ व्या अध्यायात म्हटलं आहे की पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, कारण तुमचा पिता एकच आहे. हे वाक्य त्याला पूर्वी तुटक, जवळजवळ उद्धट वाटायचं. आता तो म्हणतो की त्याने त्याला आणि पप्पांना दोघांनाही सुटका दिली. पप्पांना देव व्हायची गरज उरली नाही. शिबिरांत नाण्याची साक्ष सांगणं त्याने वर्षभर बंद ठेवलं. मग एकदा सांगितली, सगळ्या वहीसकट. मुलं फार शांत बसली होती म्हणे.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती मी जपूनच लिहितो. प्रभूच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" ही ओळ आली की वडील थांबायचे आणि आईचा आवाज पुढे जायचा, असं त्याला आता आठवतं. लहानपणी वाटायचं, खोकला येतो. ही आठवण खरी की वही सापडल्यानंतर घडलेली, हे त्यालाही सांगता येत नाही. मी ती पुरावा म्हणून धरत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक माझी. वही इतके दिवस मुलाच्या घरी राहिली. ज्याचा हितसंबंध गुंतला आहे त्याच्या हातात मूळ कागद ठेवू नये, हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. त्याच्या दुःखात मी इतका गुंतलो की तो खजिनदारही आहे हे विसरलो. त्याच वेळी वही तपासनिसाकडे गेली असती तर मधली पानं कुणीतरी वाचली असती, आणि त्या गृहस्थांना नऊ जणांसमोर आपल्या आईचा अर्ज सापडला नसता. त्यांना आधी, एकट्याने, कळायला हवं होतं.

पाचव्या हिश्शाची गोष्ट मी घाईने सांगितली. दिलासा द्यायचा मोह पाळकाला नेहमी होतो. त्याने ते वचन स्वतः शोधलं असतं तर पूर्ण वाचलं असतं, मधे चार दिवस गेले नसते.

आईला जपण्याच्या नावाखाली आम्ही तिला या गोष्टीतली एक बाजूची व्यक्ती करून टाकलं होतं. ती त्यातली भागीदार होती, फेडणारीही होती. बहिणीचं मात्र मी अजूनही चूक म्हणत नाही. पाटी लागणार नसती तर मी कदाचित तिच्याच बाजूने बोललो असतो.

आणि मंडळीने त्या काळी काय वेगळं करायचं होतं? पाळक नसलेल्या महिन्यांत फंडावर दुसरी सही कोणाची, हे ठरवायचं होतं. एवढंच. पण देणाऱ्याला मागता येईल अशी जागा त्या मंडळीत नव्हती, आणि ती एका ठरावाने तयार होत नाही. नवा नियम होऊन दीड वर्ष झालं. कार्यकारिणीतून अजून एकही अर्ज आलेला नाही.

वहीतली टीप

तपासनिसांनी सुचवलं की जुन्या उचलीच्या नोंदीखाली लाल शाईने खुलासा लिहून, तारीख घालून सह्या कराव्यात. मजकूर मुलाने लिहिला. सह्या पाळकांची, तपासनिसांची. आईने सांगून पाठवलं की मलाही सही करायची आहे. नियमात ते बसत नव्हतं, पण कुणी नाही म्हटलं नाही.

तिने सही केली आणि मग वही जवळ ओढून पुढची पानं बघत बसली, एकेका नोंदीवर बोट ठेवत. मुलगा शेजारी उभा होता. दुसऱ्याच कुणाच्या अक्षरातल्या त्या एकुलत्या नोंदीवर बोट आलं तशी ती थांबली.

"ही माझी," म्हणाली. "त्या रविवारी ह्यांना ताप होता. पाकीट मी टाकलं होतं."

मग तिने पान उलटलं.